जुन्या ड्रमसेटची दुरुस्ती (गोवा)

जुन्या ड्रमसेटची दुरुस्ती : चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा किंवा त्याहून जुना ड्रमसेट पुन्हा रोजच्या वाजवण्यास योग्य करण्याचे काम. शोभेसाठी केलेली दुरुस्ती आणि वाजवण्यासाठी केलेली दुरुस्ती यांत बरेच अंतर आहे. शोभेच्या कामात चकाकी, मूळ बिल्ला आणि रंग यांना महत्त्व असते. वाजवायच्या सेटमध्ये आधी पाहायचे ते शेल (ड्रमचे पोकळ अंग) गोल आहे का, पान (ज्यावर काठी मारतात तो ताणलेला पडदा) ज्या काठावर टेकते तो काठ सपाट आहे का आणि पान ताणणारे रॉड मोकळे फिरतात का. गोव्यात या तिन्हींची कसोटी पावसाळा घेतो. त्यामुळे इथले काम कोरड्या हवेतल्या कामापेक्षा वेगळ्या क्रमाने करावे लागते.

असे सेट गोव्यात सापडतात त्याची मुळे संगीताच्या इतिहासात आहेत. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या संगीतशाळांतून मुले स्वरलिपी वाचायला शिकत. त्यांतले अनेक पुढे मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ बँडांत, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आणि जहाजांवर पोटापाण्याला लागले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्या पिढीतले ठळक नाव. १८९२ साली मुंबईत सुरू झालेल्या तियात्रालाही (कोकणी संगीतनाट्याला) रंगमंचापुढे बसणारा बँड लागतो आणि त्यात ड्रम असतोच. फोंडा, डिचोली, पेडणे या भागांत मराठी नाटकाला पेटी-तबला पुरे, पण लग्नाचा बँड आणि सार्वजनिक गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा ड्रमसेटशिवाय उभा राहत नसे. परदेशी वस्तूंच्या आयातीवर १९९१ पर्यंत कडक बंधने होती. म्हणून चांगला सेट यायचा तो बोटीवर काम करणाऱ्या तारवट्याबरोबर, आखातातून परतणाऱ्याच्या सामानातून किंवा मुंबईच्या एखाद्या निवृत्त वादकाकडून. ज्यांना ते जमत नसे ते मीरतच्या जली कोठी भागात तयार होणारा देशी सेट घेत. मंडळाच्या खोलीत माळ्यावर पडलेला सेट यांपैकी कुठलाही असू शकतो. तो कोणता हे ओळखल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

ओळख बिल्ल्यावरून आणि शेलच्या आतल्या बाजूवरून पटते. काही अमेरिकन सेटच्या आत तारखेचा शिक्का असतो. आतली बाजू घासून नवी केली की हा पुरावा कायमचा जातो. लुडविग या अमेरिकन कंपनीचे १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे लाकडी शेल तीन थरांचे असत आणि आतून काठाला मॅपलचे कडे चिकटवलेले असे. १९२२ मध्ये लंडनला सुरू झालेल्या आणि पुढे लेस्टरकडे गेलेल्या प्रीमियर कंपनीचे शेलही पातळ आणि कडेवाले. १९६०च्या दशकातल्या जपानी कारखान्यांनी एकच माल निरनिराळ्या नावांनी विकला. त्यांचे शेल बहुधा हलक्या लाकडाचे. त्यांना बाजारात फारशी किंमत नाही. हीच त्यांची मोठी सोय, कारण पहिल्यांदा हात बसवायला असा सेट बरा.

कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता बराच काळ ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात राहते. किनाऱ्यालगतच्या गावांत त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. लाकूड पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. या ओढाताणीत थरांमधला जुना सरस सुटतो आणि आतले कडे एका बाजूने उचलते. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या बास ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) खालच्या भागात बुरशी आणि वाळवी दोन्ही सापडतात. बोटाने टकटक केल्यावर एखाद्या जागी आवाज बोदा आला तर तिथे थर सुटला आहे किंवा लाकूड पोखरले आहे असे धरावे.

सेट उघडताना प्रत्येक लग (शेलवरचे धातूचे घर, ज्यात रॉड आवळतो), स्क्रू आणि वॉशर कुठून निघाला ते डब्यावर लिहून ठेवावे. जुने लग हाताने बसवलेले असत. त्यामुळे एका ड्रमचा लग दुसऱ्याच्या भोकांशी जुळेलच असे नाही. लगाच्या पोटात स्प्रिंग असते. ती नटाला जागेवर धरते. गंजलेली स्प्रिंग बोटांत पिठासारखी चुरते. शेलच्या बिल्ल्यामधल्या हवेच्या भोकात कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असते आणि ते खरवडल्यावर आत वाळलेले कोळी निघतात. स्प्रिंग शाबूत असेल तर ती आवाज करते म्हणून पूर्वी तिच्याभोवती कापूस किंवा फेल्ट कोंबत. गोव्यात हे टाळावे. कापूस ओल धरतो आणि स्प्रिंगसकट नटही गंजवतो.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो काठाला. ओट्याचा गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा जाड काच ही त्याची तपासणीची जागा. खोलीत अंधार करून शेल उलटा ठेवायचा, आत टॉर्च लावायची आणि बाहेरून भोवताली पाहायचे. जिथून उजेड झिरपतो तिथे काठ खाली बसला आहे. मग चार दिशांनी व्यास मोजायचा. दोन मापांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पान कितीही चांगले घातले तरी ड्रम सुरात राहणार नाही. काठ किंचित खालीवर असेल तर त्याच दगडावर सपाट पसरलेल्या पॉलिश पेपरवर शेल गोल फिरवत घासला की बरेचदा पुरते. मधूनमधून दिशा बदलावी, नाहीतर हाताचा दाब पडतो ती बाजू अधिक झिजते. कडे सुटले असेल तर आधी जुना सरस खरवडून काढायचा, ओलीला टिकणारा मरीन फेव्हिकॉल लावायचा आणि क्लँप कसून रात्रभर ठेवायचे. काठाला हात लावायचा तो त्यानंतर. क्रम उलटा झाला तर सगळी घासाई वाया जाते.

इथे एक मोह आवरावा लागतो. पुष्कळ सुतार काठ पाहिला की रंध्याने पंचेचाळीस अंशांचा टोकदार करून देतात, कारण नव्या ड्रमांचे काठ तसे असतात. जुन्या शेलांचे काठ बहुतेक वेळा गोलसर असत. त्यावर पानाचा जास्त भाग टेकतो, झंकार लवकर विरतो आणि आवाज जाड येतो. हा आवाज हवा म्हणूनच लोक जुना सेट शोधतात. काठ टोकदार केला की तो नव्यासारखा वाजू लागतो, आणि तसा नवा सेट पणजीच्या दुकानात मिळतोच की! चांगला सुतार मेस्त मिळाला तर त्याला नमुना म्हणून काठाचा न झिजलेला भाग दाखवावा आणि तेवढाच गोलवा मागावा. शेवटी काठावर साध्या मेणबत्तीचे मेण चोळले की पान सहज सरकते आणि ओलही कमी शिरते.

पानांबाबत जुनेपणाचा हट्ट धरू नये. पूर्वी ड्रमला वासराचे कातडे लागे. ते दमट हवेत सैल आणि कोरड्या हवेत ताठ होत असल्याने वादकांना कार्यक्रमाआधी ते दिव्याजवळ तापवावे लागे. काही जुन्या बास ड्रमांच्या आत तर यासाठीच बल्ब बसवलेला असे. आरतीआधी घुमट (तोंडावर कातडे ताणलेले मातीचे वाद्य) उन्हात ठेवणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. १९५६-५७च्या सुमारास अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टर फिल्मची पाने बाजारात आणली आणि हा प्रश्न मिटला. घुमटाची गोष्ट निराळी. त्याला लागणारी घोरपडीची कातडी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, आता बकऱ्याचे कातडे चालते, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. ड्रमसेटवर मात्र गोव्याच्या हवेत कातडे लावणे म्हणजे रोजची कटकट ओढवून घेणे. वरच्या बाजूला एक थराचे, खरखरीत लेप असलेले, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे पान जुन्या शेलला शोभते. स्नेअरच्या (खाली तारा असलेल्या ड्रमच्या) खालचे पान याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ असते. ते बोटाने दाबून पाहू नये. पान बसवताना आधी सगळे रॉड हातानेच आवळायचे, मग समोरासमोरच्या जोडीने पाव-पाव वेढा द्यायचा. प्रत्येक रॉडजवळ टिचकी मारून स्वर एक झाला की थांबायचे.

मापाची अडचण प्रीमियरच्या जुन्या सेटला हमखास येते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या कंपनीची मापे आजच्या आंतरराष्ट्रीय मापांपेक्षा किंचित वेगळी होती. त्यामुळे दुकानातले पान काही शेलांवर बसतच नाही किंवा अर्ध्यात अडकते. त्यासाठी मुद्दाम त्या मापाचे पान मागवावे लागते. शेल बाहेरून तासून जागा करणे हा शेवटचा उपाय. तो करण्याआधी सेट विकून दुसरा घेणे परवडेल का याचा हिशेब करावा. आट्यांचेही तेच. अमेरिकन आणि जपानी रॉड साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीचे, इंचाला चोवीस आटे असलेले असतात. जर्मनीच्या सोनॉरचे सहा मिलिमीटरचे. जुन्या ब्रिटिश ड्रमांचे आटे आणखी वेगळे. म्हापशाच्या हार्डवेअरच्या दुकानातला सहाचा बोल्ट पाना लावून आत घुसवला की लगाचा नट गेलाच समजावे. नेमका रॉड मिळेना तर लेथवाल्याकडून नमुन्याबरहुकूम करून घ्यावा.

गंजाचे काम दिसते तेवढे अवघड नसते. पोलादी रॉड केरोसिनमध्ये बुडवून ठेवायचे, तारेच्या ब्रशने घासायचे आणि शिलाई मशीनचे तेल लावायचे. क्रोमवरचे तांबूस ठिपके पाण्यात भिजवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पन्नीने चोळले की जातात. लग मात्र बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. त्यांना आम्लात बुडवले तर क्रोमखालची धातूच खाल्ली जाते. लुडविगच्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्नेअरवर क्रोम फोडाफोडांनी उठते. किनाऱ्यावर तर ते फार लवकर होते. पुन्हा प्लेटिंग करायला गेले की शेल पातळ होण्याची भीती. फोड आवाजाला बाधत नाहीत, ते तसेच राहू द्यावेत.

शेलवरचे चकचकीत आवरण १९६०च्या आधीच्या अनेक सेटांवर सेल्युलॉइडचे असते. कपड्याने जोरात चोळल्यावर कापरासारखा वास आला तर ते तेच, कारण त्यात खरोखरच कापूर घालत. हे आवरण वर्षानुवर्षे आक्रसत जाते, जोडावर सुटते आणि झटकन पेट घेते. त्याला सरळ करण्यासाठी हीट गन किंवा इस्त्री वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण. सुटलेल्या जोडाला फेव्हिकॉल एसआरसारखा दोन्ही बाजूंना लावून सुकवायचा चिकटवा चालतो. तो लावताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

झांजांना हात लावायचा तो कमीत कमी. चांगल्या झांजा तांबे ऐंशी आणि कथील वीस टक्के या प्रमाणातल्या कांशाच्या असतात. झिल्जन घराण्याने इस्तंबूलमध्ये १६२३ साली हेच काम सुरू केले. घरातल्या पितळी समईप्रमाणे झांज चिंचेने किंवा आमसुलाने घासली की ती लखलखते, पण छापील नाव निघून जाते आणि वर्षांनी चढलेल्या काळपट थरामुळे आलेला मवाळपणाही जातो. काठाला तडा गेला असेल तर तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडले की बहुधा तो पुढे सरकत नाही.

पेडल आणि स्टँड यांच्याबाबत नियमित वाजवणाऱ्याने सोवळे पाळू नये. जुने स्टँड हलके असतात आणि त्यांचे चाकी-नट झिजलेले. दोन तासांच्या कार्यक्रमात ते खाली बसतात. नवे जड स्टँड घ्यावेत, जुने पेटीत जपून ठेवावेत. जुन्या पेडलचा चामडी पट्टा तुटला असेल तर चपला शिवणारा कारागीर तसाच जाड पट्टा कापून देतो. टॉम (बास ड्रमच्या वर टांगायचा लहान ड्रम) टांगायला शेलला नवे भोक मात्र पाडू नये. रिमला (पान दाबून धरणाऱ्या धातूच्या कड्याला) धरणारा कंस मिळतो, त्याने भागते.

पावसाळ्यात सेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळीवर, सुती पिशवीत ठेवावा. प्लास्टिकच्या आत घाम धरतो. पाने काढून ठेवू नयेत. दोन्ही बाजूंचा समान ताण शेलला गोल राहायला मदत करतो. वातानुकूलित सभागृहातून बाहेर आणलेला ड्रम दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावा, म्हणजे थंड क्रोमवर दव धरत नाही. चतुर्थीच्या आधी सगळे रॉड एकदा तेल लावून फिरवावेत.