चॉम्स्कीचा ‘नियम’ आणि शाळेतला ‘नियम’

दर्यापूरकडच्या अभ्यासिकांमध्ये टीईटीचा हंगाम आला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘चॉम्स्की म्हणजे इंग्रजीचा दादोबा पांडुरंग.’ चॉम्स्की हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ, दादोबा मराठीचं व्याकरण लिहिणारे; एका गाइडात तर दोघं एकाच तक्त्यात बसवलेत.

शाळेतलं व्याकरण मी तुम्हाला काय सांगू! संधी, समास, प्रयोग, ऱ्हस्व-दीर्घ; तलाठी भरतीपासून तेच घोटताय. दादोबांचं व्याकरण १८३६चं, चॉम्स्कीच्या जनरेटिव्ह ग्रामरचं (वाक्यं कशी घडतात ते नियमांनी सांगणाऱ्या व्याकरणाचं) पहिलं पुस्तक १९५७चं. एक मराठीचं, दुसऱ्यातली उदाहरणं इंग्रजीची. असले फरक सोडून द्या.

पाय घसरतो तो ‘नियम’ या शब्दावर. शाळेतला नियम म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची सूचना : ‘येथे कचरा टाकू नये’. ती मोडता येते, मोडली की दंड. चॉम्स्कीचा नियम असा हुकूम सोडत नाही. जिनिंगमध्ये रुईतून सरकी कशी सुटते हे सांगावं, तसं डोक्यात वाक्य कसं तयार होतं हे तो सांगतो. सुटावी की सुटू नये, हा त्याचा प्रश्नच नाही.

आमच्या शेजारची तीन वर्षांची पोरगी भांडं पालथं करून म्हणते, ‘म्या करलं!’ तिच्या घरात सगळे ‘केलं’ म्हणतात. मग ‘करलं’ आलं कुठून? धर-धरलं, भर-भरलं, म्हणून कर-करलं. नियम तिनं स्वतः काढला आणि चालवला. मास्तरसाठी ही चूक, लाल रेघ. चॉम्स्कीच्या वाटेनं जाणाऱ्याला हाच पुरावा : पोर नुसती नक्कल करत नाही. भाषा सवयीनं आणि शाबासकीनं येते म्हणणाऱ्या स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकावर चॉम्स्कीनं १९५९मध्ये जे घणाघाती परीक्षण लिहिलं, त्यातला वाद याच अंगाचा होता. आपल्याकडं वऱ्हाडात शाळेची ‘शाया’ आणि डोळ्याचा ‘डोया’ होतो, तेही असंच नियमानं. (‘शाया’ म्हटल्याबद्दल मी छडी खाल्लीय, तेव्हा इथं माझा आवाज थोडा चढणारच.)

आता नियम म्हणजे कृती म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच : ती करायला कसलं यंत्र लागेल? हे वाक्य बघा : ‘जर ज्याची मोटर जळली तो आला, तर त्याला चावी दे.’ ‘जर’नं ‘तर’ची उधारी केली. ती फिटायच्या आत ‘ज्याची’नं ‘तो’ची केली. शेवटची उधारी आधी फेडायची, आणि अशा उधाऱ्या कितीही वाढू शकतात. ठरावीकच अवस्था असलेल्या, म्हणजे मागचं मोजकंच लक्षात ठेवू शकणाऱ्या यंत्राला हा हिशेब ठेवता येत नाही, हे चॉम्स्कीनं इंग्रजीवरून दाखवलं. ११ सप्टेंबर १९५६ला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या सभेत तो हे मांडत होता, आणि त्याच दिवशी नेवेल आणि सायमन हे संशोधक तर्कशास्त्राची प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम सांगत होते. जॉर्ज मिलर हे मानसशास्त्रज्ञ पुढं याच दिवसाला बोधनविज्ञानाचा, म्हणजे मन कसं चालतं याच्या शास्त्राचा, जन्मदिवस म्हणत. मन म्हणजे आकडेमोड, या कल्पनेला व्याकरणानं बळ दिलं ते असं.

‘म्हणजे मेंदू कॉम्प्युटरच ना सर?’ नाही रे बाबा. १९६५मध्ये चॉम्स्कीनंच भाषेची जाण आणि प्रत्यक्ष बोलणं वेगळं काढलं. दिवसभर फवारणी करून आलेला माणूस ‘जर’ म्हणून ‘तर’ विसरला, तर त्याचं व्याकरण बिघडलेलं नसतं. तो दमलेला असतो.