होमिओपॅथी आणि विज्ञानाधिष्ठित वैद्यक

होमिओपॅथी ही जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) यांनी घालून दिलेली उपचारपद्धती. निरोगी माणसाला एखादा पदार्थ दिल्यावर जी लक्षणे दिसतात, तीच लक्षणे असलेला आजार त्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म मात्रेने बरा होतो, हे तिचे मूळ सूत्र. काट्याने काटा काढावा, तसा हा विचार आहे. विज्ञानाधिष्ठित वैद्यकात मात्र उपचार रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि रुग्णांवरील नियंत्रित चाचण्या या साऱ्यांच्या कसोटीला उतरावा लागतो.

१७९० मध्ये स्कॉटिश वैद्य विल्यम कलन यांच्या औषधीग्रंथाचे भाषांतर करताना, हिवतापावर सिंकोनाची साल का चालते याचे त्यातील स्पष्टीकरण हानेमान यांना पटले नाही. त्यांनी ती साल स्वतः खाऊन पाहिली आणि हिवतापासारखी लक्षणे जाणवल्याचे नोंदवले. त्यातून निघालेला सिद्धांत त्यांच्या १८१० च्या ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथात सविस्तर आला. तो काळ रक्त काढण्याचा, जळवा लावण्याचा आणि पाऱ्याची औषधे सढळ हाताने देण्याचा होता. अशा वेळी काहीही अपाय न करणारे औषध घेणारा रोगी पुष्कळदा खरोखरच अधिक सुरक्षित असे. पद्धतीच्या सुरुवातीच्या लोकप्रियतेचे बरेचसे रहस्य इथे आहे.

खरी अडचण विरलीकरणात येते. ‘सी’ श्रेणीत प्रत्येक पायरीला औषधाचा एक भाग ९९ भाग द्रवात मिसळून झटके देतात. पायऱ्या वाढतील तशी शक्ती वाढते, असे मानतात. १२ सीच्या, म्हणजे बारा पायऱ्यांच्या, आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. ३० सीमध्ये औषधाच्या एका भागाला द्रवाचे एकावर ६० शून्ये इतके भाग असतात. मूळ पदार्थाचा एक रेणू हाती लागायला पृथ्वीच्या वजनाच्या अब्जावधी पट पाणी प्यावे लागेल. यावर उत्तर म्हणून ‘पाण्याची स्मृती’, म्हणजे पदार्थ उरला नाही तरी पाणी त्याची आठवण ठेवते ही कल्पना, पुढे केली जाते. फ्रेंच संशोधक जॅक बेनव्हेनिस्त यांचा तसा दावा १९८८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने छापला, पण लगेच त्यांच्याच प्रयोगशाळेत कडक देखरेखीखाली प्रयोग केले, तेव्हा तो परिणाम दिसला नाही.

याहून रोचक कसोटी कितीतरी आधी, १८३५ साली न्यूरेंबर्गमध्ये लागली. एका खाणावळीत लोक जमले. बर्फ वितळवून केलेले शुद्ध पाणी काही कुप्यांत भरले आणि उरलेल्यांत मिठाचे ३० सी द्रावण. कुप्या सरमिसळ करून वाटल्या. कोणाकडे काय गेले हे घेणाऱ्याला कळू दिले नाही. ज्या ५० जणांनी माहिती कळवली, त्यांतील ४२ जणांना काहीच जाणवले नाही. उरलेल्या आठांपैकी तिघांनी नुसते पाणी प्यायले होते! आज औषधचाचणीत जो आंधळेपणा मुद्दाम राखतात, त्याचा हा अगदी जुना नमुना.

मग गोळ्यांनी गुण येतो, असे सांगणारे खोटे बोलतात का? मुळीच नाही. सर्दी आपोआप बरी होते. जुनाट दुखणे चढउतार करते आणि माणूस चढाच्या वेळीच दवाखाना गाठतो. त्यानंतरचा उतार गोळीच्या खात्यात जमा होतो. तासभर आस्थेने विचारपूस करणाऱ्या डॉक्टरांमुळेही बरे वाटते. पण प्लासिबोशी, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीशी, तुलना केल्याशिवाय यातले गोळीचे काय, हे ठरत नाही.

केवळ चाचण्यांचे निकाल मोजूनही भागत नाही. नेहमीच्या पाच टक्क्यांच्या सांख्यिकीय निकषाने निष्प्रभ उपचाराच्या शंभर चाचण्यांतही काही अनुकूल निघतातच. म्हणून निकाल वाचताना आधीच्या ज्ञानानुसार तो कितपत संभवतो, हेही पाहावे लागते. उलट, नुसती संभाव्यताही फसवते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनियमित ठोके दाबणारी औषधे जीव वाचवतील, हा तर्क बिनतोड वाटत होता. १९८९ मध्ये कळले की त्यांतील काही औषधे घेणारे प्लासिबोवाल्यांपेक्षा जास्त मरत होते. त्या उपचाराला मुरड घालावी लागली. होमिओपॅथीने प्रतिकूल निकालामुळे आपले एखादे मूळ सूत्र सोडल्याचे उदाहरण दाखवणे कठीण.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये, कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. फ्रान्सने २०२१ पासून या औषधांचा खर्च सार्वजनिक विम्यातून देणे थांबवले.

उच्च पोटेन्सीची, म्हणजे विरलीकरणाच्या पुष्कळ पायऱ्यांतून गेलेली, गोळी स्वतः सहसा अपाय करत नाही. धोका गंभीर आजारात योग्य उपचार लांबण्याचा असतो. कमी पोटेन्सीत मात्र मूळ द्रव्य खरोखरच असू शकते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला दात येणाऱ्या बाळांच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना हे विषारी द्रव्य कमीजास्त प्रमाणात, कधी लेबलवरील आकड्याच्या कितीतरी पट आढळले होते.