पोर्टिंगमधील क्रॅश आणि त्यांचा शोध

एका ऑपरेटिंग सिस्टीमवर बिनतक्रार चालणारा प्रोग्राम दुसरीवर नेला, म्हणजेच पोर्ट केला, की मध्येच कोसळतो. लिनक्सवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, विंडोजवर ‘ॲक्सेस व्हायोलेशन’ असा संदेश दिसतो. प्रोग्रामने हक्क नसलेल्या मेमरीला हात लावला, एवढाच दोन्हींचा अर्थ. दोष बहुधा मूळ कोडातच असतो. जुन्या सिस्टीमने तो खपवून घेतलेला असतो.

सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार ६४-बिट लिनक्स व मॅकओएसवर ८ बाइटचा, ६४-बिट विंडोजवर मात्र ४ बाइटचा. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, तिन्हीकडे ८ बाइटचाच, त्यामुळे तो ‘लाँग’मध्ये साठवणाऱ्या कोडाचा विंडोजवर अर्धा पत्ता गळतो. मुख्य थ्रेडचा स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या माहितीची मेमरी, लिनक्सवर सहसा ८ एमबी, विंडोजवर १ एमबी असतो. फंक्शनच्या पोटातला मोठा ॲरे तिथे मावत नाही. फाइलच्या नावातील रोमन लहान-मोठी अक्षरे विंडोज सहसा एकच मानते, लिनक्स वेगळी. नावात एखादे अक्षर लहानाचे मोठे झाले तरी लिनक्सवर फाइल उघडत नाही, हाती नल पॉइंटर, म्हणजे रिकामा पत्ता, येतो आणि तो न तपासताच वापरला जातो.

देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाही, पण म्हणून सुटका नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली व मराठीलाही सरकारी वापराची मुभा मिळाली, तेव्हा देवनागरी नावांच्या फाइली तिथे ओघानेच येतात. समजा, पणजीत जुन्या मॅकवर केलेली ‘किनाऱ्यावरील गावे’ ही यादी म्हापशातील लिनक्स सर्व्हरवर गेली. मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावातला ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे दोन युनिकोड संकेत साठवते. पडद्यावर फरक शून्य. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत मात्र ‘किनाऱ्या’ २४ ऐवजी २७ बाइटचा होतो. नाव जुळत नाही, किंवा नावासाठी मोजून-मापून राखलेली मेमरी, म्हणजे बफर, ओसंडतो. तो ओसंडला तरी क्रॅश तिथेच होईल असे नाही. कधी कितीतरी नंतर, मेमरी परत करताना होतो.

म्हणून डीबगरने (दोष शोधण्याच्या साधनाने) दाखवलेली ओळ हा शोधाचा आरंभ समजावा. लिनक्सवर जीडीबी, मॅकवर एलएलडीबी, विंडोजवर विनडीबीजी वापरतात. डीबग माहितीसह कंपाइल केले नसेल तर कोडाच्या ओळींऐवजी फंक्शनची नावे किंवा नुसते पत्तेच दिसतात. ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन बफर ओसंडतो त्याच क्षणी प्रोग्राम थांबवतो. ते जुन्या सिस्टीमवरच, पोर्टिंगच्या आधी, चालवणे उत्तम. कोडात जागोजागी प्रिंट, म्हणजे मजकूर छापणाऱ्या ओळी, घालणे हा सर्वांचा आवडता उपाय, पण त्याने मेमरीची मांडणी बदलते आणि कधीकधी क्रॅशच दिसेनासा होतो.