खाजन बांध आणि गावरस्ते (गोवा)

गोव्यातील नदीकाठच्या गावांत नवी शेती काढणे आणि वाट घालणे ही कामे पुष्कळदा एकाच बांधाने साधली. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांतून आत शिरणारे भरतीचे खारे पाणी अडवून खारफुटीच्या दलदलीतून जी भातशेती काढली, तिला खाजन म्हणतात.

बांध चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा. त्यात जागोजागी मानशी, म्हणजे लाकडी दारे असलेले पाण्याचे मार्ग. ओहोटीला आतले पाणी बाहेर पडते, भरती येऊ लागली की तिच्याच दाबाने दार मिटते. पावसाळ्यात दोन्हीकडे पाणी असताना माणसे, गुरे आणि भाताचे भारे याच बांधावरून जात. बांधाला भगदाड पडले तर कोर्गुटसारखे खारे सोसणारे भातही हातचे जाई, आणि वाटही तुटे. त्यामुळे दुरुस्तीला सगळा गाव धावे. खर्चाचा भार मुख्यतः गावकरीवर (कोमुनिदाद), म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेवर असे. या संस्थेचे रिवाज 1526 च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, नोंदले गेले. संस्था त्याहून जुनी. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा 1633-34 मधला दगडी बंधारामार्ग मात्र राजधानीच्या सोयीचा, शेतकऱ्याच्या नव्हे.

सत्तरी, सांगे, काणकोण या नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून ताब्यात घेतलेल्या मुलखांत, पायवाटा आणि गाडीवाटांवरच भागत असे. विसाव्या शतकात लोहखनिजासाठी रस्ते झाले, पण ते खाणीतून धक्क्याकडे गेले.

1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर चित्र पालटले. दयानंद बांदोडकरांच्या सरकारच्या काळात 1964 चा कूळ कायदा आला आणि बांधांची देखभाल हळूहळू कुळांच्या संघांकडे गेली. रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. काही बांध रुंद होऊन डांबरी झाले. वाहतुकीची सोय झाली खरी, पण एकाच मातीचे दोन धनी झाल्यावर डांबराची काळजी मानशीच्या दारापेक्षा आधी घेतली जाऊ लागली. पुरेशा मोऱ्या न ठेवता घातलेल्या भरावाने शेतातले पाणी तुंबते, याची जाण उशिरा आली. 1990 च्या दशकात कोकण रेल्वेच्या मार्गाला गोव्यात जो विरोध झाला, त्यात खाजनांतून जाणाऱ्या भरावाचा मुद्दा होता.

साळावली धरणाचे कालवे खणले तेव्हा त्यांच्या कडेने देखभालीचे रस्ते आले आणि दक्षिण गोव्यातले शेतकरी ते सर्रास वापरू लागले. त्याच धरणाखाली कुर्डी गाव बुडाले आणि तिथल्या लोकांचे वाडे व वालकिणी येथे पुनर्वसन झाले.