८१ मिलिमीटरची नळी

लांबी ९०० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, भिंतीची जाडी ३.३ मिलिमीटर. धातू ॲल्युमिनियमच, पण घरच्या पातेल्यातला नव्हे. विमानाच्या सांगाड्यात वापरतात तो ७०७५-टी६ नावाचा कणखर मिश्रधातू. सद्दाम हुसेनच्या इराकने अशा ६० हजार नळ्या मिळवण्याचा प्रयत्न केला आणि २००१ मध्ये त्यांचा साठा जॉर्डनमध्ये अडवला गेला. पुढच्या दीड-दोन वर्षांत या नळ्या अमेरिकेच्या युद्धाच्या समर्थनातला सर्वांत मोठा भौतिक पुरावा ठरल्या.

मार्च २००३ मध्ये अमेरिका इराकमध्ये का उतरली, यावर आजही एकमत नाही. कोणी तेलाकडे बोट दाखवतं, कोणी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या भीतीकडे, कोणी पश्चिम आशियाचा नकाशा नव्याने आखण्याच्या स्वप्नाकडे. नेत्यांच्या मनात काय होतं ते मोजता येत नाही. पण लोकांसमोर जे कारण मांडलं गेलं ते मात्र मोजता येण्यासारखं होतं: इराक अणुबॉम्ब बनवतो आहे आणि या नळ्या त्याचा पुरावा आहेत. इथे वाद विचारसरणीचा उरत नाही, व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसता येतं. म्हणूनच हे प्रकरण मला राजकारणाइतकंच विज्ञानाचंही वाटतं.

नळीचा आणि बॉम्बचा संबंध काय, ते आधी पाहू. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये बॉम्बच्या कामाचा युरेनियम-२३५ हजारात जेमतेम सात अणूंइतका असतो. बाकी जवळजवळ सगळा युरेनियम-२३८. बॉम्बसाठी हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं. दोन्ही रासायनिकदृष्ट्या सारखेच, फरक फक्त वजनाचा. म्हणून युरेनियमचा फ्लोरिनशी संयोग घडवून वायू करतात आणि तो एका उभ्या नळीत भरून नळी प्रचंड वेगाने फिरवतात. गावच्या डेअरीत दुधाची फॅट काढताना नमुन्याच्या नळ्या गरगर फिरवलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तत्त्व लगेच कळेल. जड भाग बाहेर फेकला जातो, हलका भाग आत राहतो. पण दुधात फॅट आणि पाणी यांच्या वजनात चांगलाच फरक असतो. इथे एका रेणूचं वजन ३४९, दुसऱ्याचं ३५२. शंभरात एकाचाही फरक नाही. त्यामुळे वेग अफाट लागतो. एका नळीतून मिळणारा फायदा अगदी थोडा, म्हणून अशा हजारो नळ्या एकीला एक जोडाव्या लागतात. या यंत्राचं नाव सेंट्रिफ्यूज.

सेंट्रिफ्यूजमध्ये सगळं काही नळीच्या कडेच्या वेगावर ठरतं. तत्त्वतः हा वेग दुप्पट केला तर वेगळं करण्याची क्षमता सोळापट होते. मग वेग वाढवत का नेत नाहीत? कारण एका मर्यादेपलीकडे नळी स्वतःच्याच फिरण्याने फाटते. आणि ही मर्यादा भिंतीच्या जाडीवर अवलंबून नसते. भिंत जाड केली की ताकद वाढते, पण बाहेर फेकलं जाणारं वजनही तेवढ्याच प्रमाणात वाढतं, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात फक्त धातूचे गुण: तो किती ताण सोसतो आणि किती जड आहे. चांगलं ॲल्युमिनियम सेकंदाला ४२५ मीटरच्या आसपास तग धरतं, मॅरेजिंग नावाचं अतिकणखर पोलाद ५२५ च्या आसपास, कार्बन तंतू त्याहूनही पुढे जातात. जाड भिंतीने मिळतो तो फक्त बेअरिंगवरचा भार. ८१ मिलिमीटरच्या नळीची कड सेकंदाला ४०० मीटर पळवायची तर तिला सेकंदात दीड हजारांहून अधिक फेरे घ्यावे लागतील. तिथे प्रत्येक अनावश्यक ग्रॅम शत्रू असतो.

म्हणून ओक रिजसारख्या अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळांतल्या सेंट्रिफ्यूज तज्ज्ञांना हे माप पटेना. भिंत फार जाड, व्यास फार लहान, लांबी गैरसोयीची. वर ॲनोडायझिंगचा, म्हणजे गंज टाळणाऱ्या ऑक्साइडचा, थर दिलेला, जो या वायूच्या सहवासात अडचणच करतो. सीआयएचं म्हणणं होतं की १९५० च्या दशकातल्या गेर्नोट झिप्पे या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या यंत्राशी नळ्या जुळतात. पण झिप्पेच्या नळीची भिंत एक मिलिमीटरच्या आसपास होती. शिवाय १९९१ च्या आखाती युद्धाआधीच इराकी शास्त्रज्ञ मॅरेजिंग पोलाद आणि कार्बन तंतू यांच्यापर्यंत पोहोचले होते. पुढे गेलेला माणूस मुद्दाम मागे का येईल?

दुसरीकडे एक साधं उत्तर समोर होतं. इराकी सैन्याकडे ८१ मिलिमीटरचं एक छोटं रॉकेट होतं, इटलीच्या ‘मेडूसा’ रॉकेटची नक्कल. त्याच्या कवचाचा व्यास, लांबी, जाडी आणि धातू या नळ्यांशी जुळत होता. अशाच नळ्या इराकने १९८० च्या दशकातही रॉकेटसाठी घेतल्या होत्या, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना ठाऊक होतं.

या नळीपासून सेंट्रिफ्यूज बनूच शकत नाही असं काही कोणी म्हणत नव्हतं. खूप खटाटोप केला, कापलं, तासलं, तर कदाचित बनेल. पण ‘बनू शकेल’ हा पुरावा नव्हे. पुराव्याचं वजन तुलनेतून ठरतं. इराक रॉकेट बनवत असेल तर नेमकी अशी नळी दिसण्याची शक्यता किती? आणि सेंट्रिफ्यूज बनवत असेल तर किती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘अगदी हीच’ आणि दुसऱ्याचं ‘ओढूनताणून’ असेल, तर ती नळी बॉम्बच्या बाजूने नाही, बॉम्बच्या विरुद्ध साक्ष देते. ताप आला म्हणजे मलेरिया असू शकतो, पण गावभर सर्दी-खोकल्याची साथ असताना निव्वळ तापावरून डॉक्टर मलेरियाचं निदान करत नाही, तसंच हे.

लोकांपुढे हा प्रश्न या रूपात आलाच नाही. ८ सप्टेंबर २००२ च्या रविवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर नळ्यांची बातमी छापली. त्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस दूरचित्रवाणीवर म्हणाल्या की या नळ्या खरं तर फक्त अण्वस्त्र कार्यक्रमालाच उपयोगी आहेत. अखेरचा पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात यावा असं आम्हाला वाटत नाही, असंही त्या म्हणाल्या. त्या ढगापुढे ३.३ मिलिमीटर कोणाला ऐकू येणार? ११ दिवसांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तज्ज्ञांच्या शंका मांडल्या, पण आत, अठराव्या पानावर. अमेरिकी गुप्तचर संस्थांच्या ऑक्टोबरच्या गुप्त अहवालात ऊर्जा खात्याचा आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाचा नळ्यांबाबतचा मतभेद नोंदलेला होता, पण तो पूर्ण अहवाल मोजक्याच लोकप्रतिनिधींनी वाचला. त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाचा अधिकार राष्ट्राध्यक्ष बुश यांना दिला.

निरीक्षक पुन्हा इराकमध्ये गेले तेव्हा रॉकेटच्या कारखान्यात त्यांना १३ हजार तयार रॉकेटं मिळाली, सगळी ७०७५-टी६ च्या नळ्यांपासून बनवलेली. तरीही ५ फेब्रुवारी २००३ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत नळ्यांचा मुद्दा घेऊन आलेच. तज्ज्ञांमध्ये वाद आहे हे त्यांनी मान्य केलं. मग, आपण सेंट्रिफ्यूजचे तज्ज्ञ नाही, जुने सैनिक आहोत असं सांगून त्यांनी विचारलं, साध्या रॉकेटसाठी इतकी काटेकोर मापं कशाला? प्रश्न ऐकायला रास्त वाटतो. पण अमेरिकेचं स्वतःचं मार्क-६६ रॉकेट त्याच मिश्रधातूचं आणि अशाच काटेकोर मापांचं आहे. ७ मार्चला अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी परिषदेला सांगितलं की या नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी होत्या असं दिसत नाही. इराकने आफ्रिकेतल्या नायजरमधून युरेनियम आणण्याच्या कथित व्यवहाराची कागदपत्रं खोटी आहेत, हेही त्यांनी सांगितलं. दोन आठवड्यांच्या आत बॉम्ब पडू लागले.

त्या युद्धात आणि नंतरच्या हिंसाचारात नोंद झालेले नागरी मृत्यूच लाखाच्या वर आहेत. २००४ मध्ये इराकची झडती घेणाऱ्या अमेरिकेच्याच पथकाचा अहवाल आला. अणुकार्यक्रम १९९१ नंतर पुन्हा उभा राहिला नव्हता आणि नळ्या बहुधा रॉकेटसाठीच होत्या.

आपल्याकडे एप्रिल २००३ मध्ये, मनोहर जोशी अध्यक्ष असताना, लोकसभेने या युद्धाविरुद्ध ठराव एकमताने मंजूर केला. त्यातल्या ‘निंदा’ या हिंदी शब्दाला इंग्रजीत किती कठोर शब्द वापरायचा, यावरही घासाघीस झाली. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. लांबून पाहणाऱ्याला विज्ञान जास्त कळत होतं असं नाही. मग फरक कशाचा?

या प्रश्नाच्या जवळ जाणारा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रज्ञ स्टीफन लेवांडोव्स्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीतल्या लोकांना युद्धकाळातल्या बातम्या दाखवल्या. काही खऱ्या, काही आधी छापून नंतर मागे घेतलेल्या, काही पूर्ण बनावट. ऑस्ट्रेलियन आणि जर्मन लोकांना एखादी बातमी मागे घेतल्याचं आठवत असलं की त्यांचा तिच्यावरचा विश्वासही उतरत असे. अमेरिकनांच्या बाबतीत तसं झालं नाही. बातमी मागे घेतली गेली हे नीट आठवत असतानाही ते तिला खरं मानत राहिले. फरकाचा धागा संशोधकांना संशयात सापडला. युद्धाच्या जाहीर कारणाबद्दल ज्यांच्या मनात आधीपासून शंका होती, त्यांच्या बाबतीत दुरुस्ती काम करत होती. ज्यांनी कारण मनापासून स्वीकारलं होतं, त्यांच्या मनात एकदा रचलेल्या गोष्टीतून एक वीट काढली तरी भिंत तशीच उभी राहत होती.

२६ मे २००४ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकांनी युद्धाआधीच्या आपल्या बातम्यांमधल्या चुका कबूल करणारं निवेदन छापलं. त्यात नळ्यांच्या बातमीचाही उल्लेख होता. मूळ बातमी पहिल्या पानावर आली होती. हे निवेदन दहाव्या पानावर होतं.