काचेची खोली का तापते: उष्ण हवेत पडवी बंद करण्याआधी

उघडी पडवी काचेने बंद करून तिची सनरूम करायची ही कल्पना थंड प्रदेशांतली. तिथे हिवाळ्यातलं तिरपं, मवाळ ऊन हवंच असतं आणि ते साठवणारी खोली म्हणजे फुकटची शेगडी. जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो तिथे तोच नकाशा जसाच्या तसा उतरवला, की वर्षातले कितीतरी महिने त्या खोलीत फक्त अडगळ राहते. मग सल्ले सुरू होतात. वर झडप ठेवा, गरम हवा निघून जाईल. काचेला फिल्म लावा. एक टन जास्तीचा एसी घ्या. यातला एकही सल्ला खोटा नाही, पण हिशेब मांडला की तिन्ही तोकडे पडतात.

तर हिशेब मांडू. पडवी ४ मीटर × ३ मीटर, वर पूर्ण काचेचं छप्पर. निरभ्र दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असताना आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ९५० वॅट ऊर्जा पडते. साधी ६ मिमी काच त्यातला ८२ टक्क्यांच्या आसपास भाग आत देते: बराचसा थेट आरपार, आणि थोडा काच स्वतः तापून. १२ × ९५० × ०.८२ म्हणजे ९.३ किलोवॅट. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे भिंतींच्या काचा, माणसं, दिवे हे काहीही न धरता नुसत्या छपरापायी अडीच टनांहून अधिक एसी लागला.

आता झडपेचं पाहू. खाली अर्धा चौरस मीटर आणि वर अर्धा चौरस मीटर उघडं ठेवलं, दोन्हींत २ मीटर उंचीचा फरक आहे आणि बाहेर वारा पडलेला आहे. आतली हवा बाहेरच्यापेक्षा ५ अंशांनी गरम असेल, तर ती हलकी होऊन वर सरकते आणि खालून बाहेरची हवा आत येते. हा ओघ सेकंदाला साधारण ०.१७ घनमीटर भरतो आणि तो बाहेर नेतो जेमतेम १ किलोवॅट. तापमानाचा फरक वाढला की ओघही वाढतो, पण फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. आणि वाहून नेलेली उष्णता म्हणजे ओघ गुणिले फरक, म्हणून ती फरकाच्या दीड घाताने वाढते. उलटं सोडवलं, तर पूर्ण ९.३ किलोवॅट बाहेर जायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा २२-२३ अंशांनी गरम व्हावी लागते. बाहेर ४० असेल तर आत साठीच्या वर. प्रत्यक्षात थोडी उष्णता काचेतून आणि फरशीतही जाते, त्यामुळे आकडा जरा खाली येईल; पण बसण्याजोगी खोली त्यातून होत नाही. झडपा हव्यातच, फक्त त्यांच्याकडून एका किलोवॅटच्या कामाचीच अपेक्षा ठेवायची.

इथे शाळेच्या पुस्तकातलं एक वाक्य आडवं येतं: काच ऊन आत सोडते, पण आतली उष्णतेची प्रारणं बाहेर सोडत नाही, म्हणून काचघर तापतं. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्व्हिनचा, म्हणून त्याच्या प्रारणांचा जोर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच्या लहरलांबीवर असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खोलीतली फरशी ३०० केल्व्हिनच्या घरातली, तिचा जोर १० मायक्रॉनच्या जवळ. साधी काच ०.३ ते २.५ मायक्रॉनपर्यंत पारदर्शक असते आणि ५ मायक्रॉनच्या पुढे भिंतीसारखी अपारदर्शक. तेव्हा सापळा आहे, यात वाद नाही. प्रश्न आहे तो त्याच्या वाट्याचा.

१९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने हे फार साध्या पद्धतीने तपासलं. काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पेट्या, बाजूंनी कापूस गच्च भरलेला, आत तापमापी. एका पेटीवर काच, दुसरीवर तेवढ्याच जाडीची सैंधवाची चकती. सैंधव म्हणजे खनिज मीठ, आणि ते दीर्घ लहरींच्या उष्णताप्रारणांनाही पारदर्शक असतं. पुस्तकी स्पष्टीकरण पुरेसं असतं तर मिठाची पेटी बरीच थंड राहायला हवी होती. दोन्ही पेट्या ६५ अंशांपर्यंत चढल्या, आणि मिठाचीच किंचित पुढे होती. कारण सूर्याच्या ज्या थोड्या लांब लहरी काच अडवत होती, त्या मीठ आत घेत होतं. मग वुडने ऊन आधी दुसऱ्या एका काचेतून गाळून दोन्ही पेट्यांवर सोडलं. आता तापमान ५५ अंशांच्या आसपास थांबलं आणि दोन पेट्यांत जेमतेम एका अंशाचा फरक राहिला.

म्हणजे काचघरात काचेचं मुख्य काम प्रारणं अडवणं नसून हवा अडवणं हे आहे. उघड्या पडवीतली फरशीही तितकीच तापते, पण तिला टेकून गरम झालेली हवा लगेच उठून निघून जाते. काच बसली की ती हवा तिथेच फिरत राहते. म्हणून काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिक लावून काहीच साधत नाही. तीन बाजू बंद करतो त्या क्षणी खोलीचं थंड होण्याचं मुख्य साधन आपणच काढून घेतलेलं असतं. पुढे जे काही करायचं ते ऊन आत येण्याआधीच करायला हवं.

काच निवडताना उन्हाची फोड लक्षात ठेवावी. ऊर्जेच्या हिशेबात सुमारे अर्धं ऊन निकट-इन्फ्रारेड असतं, डोळ्यांना न दिसणारं. ४५ टक्क्यांच्या आसपास दृश्य प्रकाश, आणि उरलेलं थोडं अतिनील. उजेड ठेवून न दिसणारा अर्धा भाग परत पाठवणारी काच मिळाली तर सोनंच, किंवा खरं सांगायचं तर चांदी. चांगल्या लो-ई (लो-एमिसिव्हिटी, म्हणजे उष्णतेची प्रारणं कमी सोडणाऱ्या) काचेवर चांदीचे सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे थर असतात. दृश्य प्रकाश त्यांतून बहुतांशी निघून जातो, इन्फ्रारेड परततं. अशी दुहेरी काच ऊन २७ टक्क्यांपर्यंत खाली आणते आणि तरी साठ टक्क्यांच्या आसपास उजेड देते. गडद रंगाची साधी काच उजेड कमी करते, ऊन मात्र निम्म्याहून जास्त आत घेते, शिवाय स्वतः तापून रेडिएटरसारखी बसते.

दुहेरी काचेला चार पृष्ठभाग असतात, ते बाहेरून मोजायचे. उष्ण हवेत लो-ई थर दुसऱ्या पृष्ठभागावर हवा, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. तिथे शोषलेली उष्णता बाहेरच्या बाहेर जाते. थंड प्रदेशासाठी तो तिसऱ्यावर देतात. काच उलटी बसली की थर आपोआप तिसऱ्यावर जातो, आणि दिसायला काहीच फरक नसतो. तपासणी अंधारात करावी. काचेसमोर पेटती काडी धरली की एकामागे एक चार ज्योती दिसतात. त्यांतली एक वेगळ्या रंगाची, जांभळट किंवा गुलाबी झाक असलेली दिसते. बाहेर उभं राहून पाहताना ती जवळून दुसरी असायला हवी.

फिल्म विकणाऱ्यांचा एक प्रयोग ठरलेला असतो. उष्णतेचा लाल दिवा लावतात, मध्ये फिल्म चिकटवलेली काच धरतात आणि आपला हात पलीकडे ठेवायला सांगतात. हात गार! पण तो दिवा जवळपास सगळी ऊर्जा इन्फ्रारेडमध्येच टाकतो. सूर्य तसा नाही. इन्फ्रारेड शंभर टक्के अडवलं तरी आत येणारा उजेड फरशीवर पडून शेवटी उष्णताच होतो. शिवाय ‘९७ टक्के इन्फ्रारेड अडवते’ हा दावा अनेकदा एका अरुंद पट्ट्यातल्या मोजणीवर असतो. विचारायचा आकडा एकच: एसएचजीसी, म्हणजे पडलेल्या उन्हातला एकूण किती हिस्सा उष्णता होऊन आत येतो. साध्या ६ मिमी काचेचा ०.८२, वरच्या लो-ईचा ०.२७.

ऊन शोषून घेणारी फिल्म साध्या, टफन्ड नसलेल्या (तापवून झटकन थंड करून मजबूत न केलेल्या) काचेवर लावली तर काच फुटूही शकते. काचेचा मध्य उन्हात तापून पसरतो, कडा चौकटीच्या सावलीत थंड राहतात आणि ताणल्या जातात. साधी काच असा ३५-४० अंशांचा फरक कशीबशी सोसते, टफन्ड काच २०० च्या आसपास. अशी तडा ओळखू येते: काठापासून निघते, पहिले काही सेंटिमीटर काठाला अगदी काटकोनात जाते आणि मग वळणं घेते. दगड लागलेल्या काचेवर ती एका बिंदूपासून चांदणीसारखी पसरते.

छपराबाबत मात्र तडजोड नको. काचेचं छप्पर काढून ७५ मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये पॉलीयुरेथेन फोम भरलेलं) टाकलं, वरून पांढरं, तर वरचा पत्रा ६० अंशांना पोचला आणि आत २८ ठेवले तरी १२ चौरस मीटरमधून येणारी उष्णता साधारण ११५ वॅट. ९,३०० च्या जागी ११५! नुसता पत्रा टाकून काम भागवू नये. तो ७० अंशांना तापून डोक्यावर दीर्घ लहरींची प्रारणं सोडत राहतो, आणि एसीने हवा २६ वर आणली तरी माणसाला गरम होतं, कारण शरीराला हवेइतकंच भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान जाणवतं. आकाश दिसायलाच हवं असेल तर भिंतीलगत एक छोटा झरोका ठेवावा, आणि त्यात लॅमिनेटेड काच. फुटली तरी ती मधल्या थराला धरून राहते.

पश्चिमेचं ऊन वेगळ्या हत्याराने मारावं लागतं. चार वाजता सूर्य इतका खाली असतो की छपराचा पुढे काढलेला भाग निरुपयोगी ठरतो. ४ मीटर रुंद, १.८ मीटर उंच काचेवर तेव्हा सुमारे ७०० वॅट दर चौरस मीटर धरले, तर साध्या काचेतून ४ किलोवॅट आत येतात, लो-ईतून १.४. बाहेरून गुंडाळता येणारी जाळी किंवा झडपा लावल्या आणि त्यांनी पाऊण ऊन अडवलं, तर लो-ईचे ते १.४ साडेतीनशे वॅटवर येतात. तोच पडदा आतून लावला तर पडदा तापतो, आणि तो खोलीतच आहे. बाहेरची जाळी आणि काच यांत १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते.

बांधकामात चुका ठरावीकच होतात. पडवीच्या कोब्याला घरापासून बाहेर उतार असतो, बहुधा मीटरला एक सेंटिमीटर. ३ मीटरवर ३० मिमी. स्लायडिंगचा ट्रॅक मात्र लेव्हलमध्येच बसायला हवा, म्हणून आधी फरशी भरून घ्यायची. कोब्याखाली ओल अडवणारा थर सहसा नसतो. ४५ सेंमी चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर डकवून निदान १६ तास ठेवावा; खाली पाणी जमलं किंवा कोबा काळसर झाला तर लाकडी किंवा विनाइल फरशी टाकू नये. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला असलेली बारीक भोकं पाणी जाण्यासाठी असतात, आणि नीटनेटकेपणाच्या हौसेने तीच सिलिकॉनने बुजवली जातात. मग पहिल्याच पावसात ट्रॅक भरून पाणी आत सांडतं. छप्पर भिंतीला मिळतं तिथे भिंतीत खाच मारून फ्लॅशिंगची (सांधा झाकणाऱ्या वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीची) कड आत घालावी; वरून मारलेलं नुसतं सिलिकॉन उन्हात भिंतीपासून सुटतं.

अॅल्युमिनियमची ३ मीटरची पट्टी ५० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर वाढते, काच दीडहून कमी, पॉलीकार्बोनेटची तेवढीच पत्री जवळपास १० मिमी. म्हणून पत्र्यांना स्क्रूपेक्षा मोठी भोकं आणि रबरी वॉशर लागतात. दुपारी कटकट आवाज येणारं छप्पर म्हणजे ही जागा कुणीतरी सोडलेली नाही. जुने खांबही तपासावेत. उघड्या पडवीतून वारा आरपार जातो. बंद केल्यावर तोच वारा भिंतींना ढकलतो आणि छपराला उचलतो, त्यामुळे खांबाचा पायाशी असलेला सांधा निव्वळ वजनाच्या भरवशावर चालत नाही.

एवढं केल्यावर एसी दीड टनाच्या आतच बसतो, आणि तो स्वतंत्र घ्यावा, कारण या खोलीचा भार दुपारी चढतो आणि रात्री शून्यावर येतो. घरच्या यंत्रणेला ते झेपत नाही. पडवीत आधीपासून असलेलं एसीचं बाहेरचं युनिट आता आतलं होतं, ते हलवावं लागेल, नाहीतर ते खोलीतच उष्णता ओतेल. गॅस गिझरचं धुराडं पडवीत उघडत असेल तर मामला उष्णतेचा राहत नाही, कार्बन मोनॉक्साइडचा होतो. ते थेट बाहेर काढून झाल्याशिवाय शेवटची काच बसवायची नाही.