विकास बँका: आधी मोडल्या, मग महामारीत आठवल्या

नोव्हेंबर 2020 मध्ये जगभरातल्या सुमारे 450 सार्वजनिक विकास बँका पॅरिसच्या पुढाकाराने पहिल्यांदाच एका परिषदेत एकत्र आल्या. कोविडने कोलमडलेली अर्थव्यवस्था सावरायची, पण पर्यावरणाचा बळी देऊन नाही आणि गरिबाला वगळून नाही, असा एकंदर सूर होता. या बँका मिळून वर्षाला सुमारे 2.3 लाख कोटी डॉलर, म्हणजे जगातल्या एकूण गुंतवणुकीच्या जवळपास दहावा हिस्सा पुरवतात, असा हिशेबही तिथे मांडला गेला. भारताची पंचाईत अशी, की मोठे उद्योग आणि पायाभूत सुविधांना दीर्घ मुदतीचं कर्ज देणाऱ्या आपल्या जुन्या विकास बँका तोवर इतिहासजमा झाल्या होत्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या गरजेपोटी. स्वातंत्र्यानंतर कारखाना काढायला 15 वर्षांचं कर्ज देईल अशी बँकच नव्हती. व्यापारी बँका हुंडी वटवण्यात आणि मालावर उचल देण्यात रमलेल्या. म्हणून 1948 मध्ये आयएफसीआय ही विकास बँक आली. त्याच वर्षी जर्मनीत युद्धात बेचिराख झालेला देश उभारायला मार्शल योजनेच्या, म्हणजे अमेरिकी मदतीच्या, पैशावर केएफडब्ल्यू ही विकास बँक सुरू झाली. 1955 मध्ये मुंबईत जागतिक बँकेच्या मदतीने आयसीआयसीआय आणि 1964 मध्ये आयडीबीआय आली. शेती व ग्रामीण भागासाठी 1982 मध्ये नाबार्ड, लघुउद्योगांसाठी 1990 मध्ये सिडबी.

या संस्थांचा प्राण होता स्वस्त पैसा. रिझर्व्ह बँक आपल्या नफ्यातून एक दीर्घ मुदतीचा निधी बाजूला काढायची आणि तो कमी व्याजाने त्यांना मिळायचा. 1991 नंतरच्या सुधारणांत हा नळ बंद झाला. बाजारातून महाग पैसा उचलून स्वस्त कर्ज देणार कसं? 2002 मध्ये आयसीआयसीआय स्वतःच काढलेल्या बँकेत विलीन झाली. 2004 मध्ये आयडीबीआयचीही व्यापारी बँक झाली. नाबार्ड आणि सिडबी टिकल्या, पण त्यांचं क्षेत्र वेगळं होतं.

मग रस्ते आणि वीज प्रकल्पांना कर्ज द्यायचं ओझं साध्या बँकांवर पडलं. इथेच गणित फसलं. ठेवीदार एक-दोन वर्षांची एफडी ठेवतो आणि मुदत संपली की पैसे मागतो. महामार्गाचा टोल मात्र 20 वर्षं वसूल व्हायचा असतो. त्यात जमीन अडली, कोळसा मिळाला नाही, परवानगी रखडली, की हप्ता थकलाच. मार्च 2018 मध्ये बँकांची थकीत कर्जं एकूण कर्जांच्या 11 टक्क्यांच्या पुढे गेली. त्याच वर्षी पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था बुडाली आणि दीर्घ मुदतीच्या कर्जाची उरलीसुरली वाटही आटली.

महामारी आली ती अशा अवस्थेत. 17 एप्रिल 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने टिकून राहिलेल्या संस्थांनाच हाताशी धरलं: नाबार्डला 25,000 कोटी, सिडबीला 15,000 कोटी आणि नॅशनल हाउसिंग बँकेला 10,000 कोटी. जूनमध्ये फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली आणि तिचा कारभार सिडबीकडे गेला. भाजीच्या हातगाडीवाल्याला 10,000 रुपये, तारण नाही, वर्षभरात मासिक हप्त्यांनी फेड. वेळेवर फेडलं तर वार्षिक 7 टक्के व्याज-अनुदान आणि पुढच्या खेपेला जास्त कर्ज. ज्याच्याकडे विक्रेता म्हणून ओळखपत्र नाही, त्याला पालिकेचं शिफारसपत्र चालायचं. कारखान्यांसाठी जन्मलेल्या या व्यवस्थेचा थेट रस्त्यावरच्या गाडीशी संबंध यावा, ही मला त्या वर्षातली सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राच्या जवळची. डिसेंबर 2020 मध्ये ब्रिक्स देशांच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेने भारताला 100 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. मुदत 30 वर्षं, त्यातली पहिली 5 वर्षं मुद्दलाच्या फेडीपासून सवलत. पैसा कशाला? मनरेगातल्या माती-पाण्याच्या कामांना. शहरांतून मजूर गावी परतले होते. 2020-21 मध्ये या योजनेवर सुमारे 389 कोटी मनुष्यदिवस काम निघालं. आता या योजनेचं मूळ पाहा. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात गावोगावी पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि खडी फोडण्याची कामं निघाली, वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला 1977 मध्ये कायद्याचं रूप मिळालं आणि तिचा खर्च भागवायला व्यवसाय कर लावला गेला. नोकरदाराच्या पगारातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर तो हाच. हातांना काम आणि गावाला पाणी हे सूत्र आपल्याकडे हवामानबदल हा शब्द कानावर येण्याआधीचं आहे. त्याला ‘हरित’ आणि ‘सर्वसमावेशक’ ही नावं नंतर चिकटली.

नाबार्डच्याही बाबतीत असंच. केएफडब्ल्यूचा जर्मन पैसा नाबार्डमार्फत महाराष्ट्रातल्या पाणलोट कामांत नव्वदच्या दशकापासूनच येत होता. गावाने श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मग निधी, अशी त्यामागची शिस्त. नगर जिल्ह्यातल्या संगमनेर परिसरात त्याचं बरंच काम झालं. त्यामुळे 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेतल्या हरित हवामान निधीने नाबार्डला मान्यता दिली, तेव्हा तिच्या गाठीशी या कामाचा अनुभव होताच.

मोठ्या प्रकल्पांसाठीची रिकामी जागा मात्र तशीच होती. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात 20,000 कोटींच्या भांडवलावर नवी विकास बँक जाहीर झाली आणि मार्चमध्ये नॅबफिड या नावाने तिचा कायदा झाला. पहिले अध्यक्ष म्हणून के. व्ही. कामत आले. हे तेच कामत, ज्यांच्या कारकिर्दीत 2002 मध्ये आयसीआयसीआयने विकास बँकेची वस्त्रं उतरवली आणि जे 2015 ते 2020 न्यू डेव्हलपमेंट बँकेचे पहिले अध्यक्ष होते. या वेळी सरकारने जुनी दुखरी नस ओळखलेली दिसते: 5,000 कोटींचं अनुदान, कमी शुल्कात सरकारी हमी आणि 10 वर्षांची करसवलत सोबत दिली. मात्र सरकारचा हिस्सा 26 टक्क्यांपर्यंत खाली आणायची मुभाही त्याच कायद्यात आहे.